‘सिंक हवं तर आयफोन घ्या, विषय संपला’ म्हणणाऱ्यांसाठी

खटपट्या: फोन-कॉम्प्युटर सिंकच्या, म्हणजे दोन्हीकडचं आपोआप सारखं ठेवण्याच्या, या धाग्यावर काल सफरचंद्या यांनी वरचं वाक्य टाकलं आणि निघून गेले. अहो, घरात मॅक असेल तर संपतो विषय. विंडोजला आयफोन लावा, एक्सप्लोररमध्ये फोटो-व्हिडिओ सोडून काही दिसत नाही, आणि फोटो तरी कसे, २०१७ पासून जेपीईजीऐवजी एचईआयसी नावाच्या फॉरमॅटमध्ये, ते उघडायला परत खटाटोप. माझा अँड्रॉइड लिनक्सवर केडीई कनेक्ट या अ‍ॅपने वायफायवरून मस्त चालतोय. फायली, नोटिफिकेशन, क्लिपबोर्ड, सगळं.

सफरचंद्या: क्लिपबोर्ड? अँड्रॉइड १० पासून फोनवरचं कॉपी केलेलं आपोआप जात नाही, बटण दाबून पाठवावं लागतं, हे सोयीस्कर विसरलात. मी फोनवर कॉपी करतो, मॅकवर पेस्ट करतो. मधे काही नाही. आणि केबल लावून फोनमधली एक्सेल शीट विंडोजवर उघडून तिथल्या तिथे सेव्ह करून दाखवाच.

जुनं खोड: ती एमटीपीची कृपा, म्हणजे केबलवरून फायली फक्त इकडून तिकडे कॉपी करू देणारी पद्धत. आधी अँड्रॉइड पेनड्राइव्हसारखा दिसायचा, पण तेव्हा पीसी कार्डाचा ताबा घ्यायचा आणि फोनला स्वतःचंच कार्ड दिसायचं नाही, म्हणून ते काढलं. १९९६ च्या पामला, म्हणजे खिशातल्या डिजिटल डायरीला, स्टँडवर एक बटण होतं, हॉटसिंक. दाबलं की कॅलेंडर, पत्ते सगळं दोन्हीकडे सारखं. तीस वर्षांत आपण मागे आलो.

केबलग्रस्त: तुम्ही सगळे हवेत आहात, आधी केबल बघा. चार रात्री मी ड्रायव्हर काढ, ड्रायव्हर टाक, शेवटी विंडोज नवीन टाकलं. फोन चार्ज व्हायचा पण दिसायचा नाही. केबल नुसती चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नाहीतच!!

सफरचंद्या: फुटकळ केबल घेतल्यावर दुसरं काय होणार.

केबलग्रस्त: फुटकळ? तुमच्या साध्या आयफोन १५ चं टाइप-सी पण जुन्या, संथ यूएसबी २ चंच, ४८० एमबीपीएस. प्रो १० जीबीपीएसचा, पण डब्यातली केबल यूएसबी २ चीच, वेगाची वेगळी घ्या. बोला.

खटपट्या: अहो धागा फोनचा आहे...

केबलग्रस्त: फोनचाच आहे. फोन जोडता कशाने?

काठावरची: वेगाचं कौतुक बास. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून जुने फोटो उडवले. सिंकने आपलं काम चोख केलं, कॉम्प्युटरवरचेही उडवले. आईच्या साठीचे होते त्यात.

जुनं खोड: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे.

काठावरची: कळलं हो आता. हे वाक्य लोक फोटो गेल्यावरच का ऐकवतात?

खटपट्या: ताई, सिंकथिंग हे फुकट सिंक सॉफ्टवेअर वापरा. पीसीकडच्या फोल्डरला व्हर्जनिंग चालू करायचं, मग फोनवरून उडवलं तरी पीसीवर जुनी प्रत बाजूला राहते.

सफरचंद्या: त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप २०२४ मध्येच बंद झालं. हेही सोयीस्कर विसरलात.

खटपट्या: फोर्क आहे, म्हणजे त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेलं अ‍ॅप, चालतोय. तुम्हाला खोट काढायला पगार मिळतो का?

सफरचंद्या: बरं बाबा. विंडोजवाल्यांनी आयफोन घ्यावा हे माझं चुकलं. त्यांनी आधी मॅक घ्यावा.

केबलग्रस्त: केबल कुठली, ते पण सांगा.