मामांची २०१७ची अव्हेंजर, पसरणी घाट आणि माझी पाच फूट एक इंच उंची

सायली_वाई

नमस्कार मंडळी. मी वाईत राहते, पाचगणीच्या एका शाळेत गणित शिकवते. सोमवार ते शनिवार पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा, गेली सहा वर्षं स्कूटरवर.

या दिवाळीत फलटणच्या मामांनी त्यांच्या अव्हेंजर क्रूझ २२० ची (बजाजची लांब, बसकी क्रूझर मोटरसायकल) किल्ली माझ्या हातात ठेवली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना ती झेपत नाही, आणि विकायचा विषय काढला की ते जेवणावरून उठतात. गाडी २०१७ची. ४१ हजार किलोमीटर झालेत. दीड वर्ष पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. नवीन घेतली तेव्हा मला मागे बसवून शिखर शिंगणापूरला नेलं होतं. तेव्हापासून ही गाडी माझ्या मनात आहे, खोटं कशाला बोलू.

बसून बघितलं. दोन्ही पाय टाचांसकट टेकतात. स्कूटरवर मी कायम चवड्यांवर उभी असते, त्यामुळे हे सुख मला नवीन आहे. पण घरी सगळ्यांचं एकच म्हणणं: एवढं धूड घाटात तुला आवरायचं नाही. गिअरची गाडी मी कॉलेजात दोन वर्षं चालवली आहे, त्यानंतर नाही.

तर, दीड वर्ष उभी असलेली गाडी सुरू करण्याआधी काय बघू? हेअरपिन वळणांवर ही लांब गाडी कशी वळते? आणि रोज चालवणाऱ्यांनो, पाठीचं काय होतं ते खरं सांगा.

कोयनाकाठ

सायलीताई, माझ्याकडे २२० आहे, अकरावं वर्ष चालू आहे. पाटणहून कुंभार्ली उतरून चिपळूणला महिन्यातून दोन-तीन फेऱ्या होतात, म्हणून घाटाचं अनुभवाने सांगतो.

आधी गाडी. स्टार्टर अजिबात मारू नका. टाकीतलं दीड वर्षाचं पेट्रोल पूर्ण काढून टाका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी तळाशी बसतं. तुमचं मॉडेल कार्ब्युरेटरचं आहे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचं (इंजेक्शन २०२० पासून आलं), म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल वाळून डिंकासारखं झालेलं असणार. मिस्त्रीला कार्ब्युरेटर उघडून पायलट जेट साफ करायला सांगा. ते बारीक भोक बंद असलं की गाडी सुरू होते पण आयडलला, म्हणजे रेस न देता, टिकत नाही. मग लोक प्लगला दोष देतात, आणि या इंजिनाला प्लग आहेत दोन, म्हणजे खर्चही दोनाचा. बॅटरी बहुधा गेलेली असेल. या गाडीला किक नाही, तेव्हा बॅटरीत काटकसर करू नका. ऑइल आणि फिल्टर नवीन. ब्रेक ऑइलही बदला, ते रंगाने चहासारखं झालं असेल.

टायर मात्र स्वतः बघा. बाजूला चार आकडे असतात. ३२१७ असेल तर २०१७ सालच्या ३२ व्या आठवड्यातला. तसे असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसो, दोन्ही बदला. रबर कडक झालेलं असतं आणि ते ओल्या घाटात कळतं. क्रूझला तारांची चाकं आहेत, म्हणजे आत ट्यूब. टायरबरोबर ट्यूबही नवीन टाका. ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. ट्यूबलेसवर पंक्चर घेऊनही गावापर्यंत जाता येतं, तसं इथे होत नाही.

आता वळण. तुमच्या स्कूटरच्या दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, हिच्यात जवळपास दीड मीटर. पुढचा फोर्कही तिरपा. त्यामुळे सरळ रस्त्यावर ती रुळावर असल्यासारखी जाते आणि अरुंद वळणात तिला जागा लागते. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाकून घ्या, वळणात शिरल्यावर गिअरशी खेळ नको. शिरताना आपल्या लेनमध्ये बाहेरच्या बाजूला राहा. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, वळण जिथे सुटतं तिथे ठेवा. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते, हे या गाडीत फारच खरं आहे. जास्त कलवली की पायदान घासतं. तो आवाज आला तर वेग जास्त आहे एवढंच समजा, घाबरून पुढचा ब्रेक दाबू नका. २०१७च्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारी सोय) नाही.

उतरताना न्यूट्रल कधीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनाने वेग धरायचा. मागे ड्रम ब्रेक आहे, सबंध घाट पाय ठेवून उतरलात तर तो तापतो आणि खाली येईपर्यंत धरत नाही.

पाठीचं खरं सांगतो. क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा दिसला की साध्या मोटरसायकलवर आपण पायांवर उठतो, इथे तसं उठता येत नाही. दणका थेट माकडहाडाला. मी ३९ व्या वर्षी कंबर धरून दवाखान्यात गेलो होतो. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या. खड्ड्याआधी ब्रेक मारायचा आणि खड्ड्यात शिरताना सोडायचा. आणि मागचे शॉकअप. त्याला खाचा असतात. मामा वजनदार असतील तर त्यांनी ते कडक खाचेवर ठेवले असतील. तुम्ही एकट्या बसणार, सगळ्यात मऊ खाचेवर आणा. दोन्ही बाजूंना सारखीच खाच ठेवा.

रानजाई

मी नाशिकची, उंची बरोबर पाच फूट, मीटिओर ३५० चालवते. १९१ किलोची गाडी आहे, तुझ्या अव्हेंजरहून जड. तेव्हा उंचीची काळजी सोड. पाय टेकतात म्हणालीस, अर्धं काम तिथेच झालं.

काळजी हातांची कर. कोणी हे सांगत नाही. क्रूझचं हँडल उंच आणि मागे ओढलेलं आहे. गाडी उभी असताना हँडल पूर्ण डावीकडे वळव आणि बघ, उजवी मूठ लांब जाते. आपले हात आखूड. यू-टर्नमध्ये खांदा ताणला जातो, मनगट वळतं आणि नकळत रेस वाढते. मी पहिल्या महिन्यात अशीच पडले, पेट्रोल पंपाच्या आवारात. लागलं काही नाही, पण आठ दिवस गाडीकडे बघवेना. नंतर मिस्त्रीकडून हँडलचे क्लॅम्प सैल करून ते माझ्याकडे थोडं झुकवून घेतलं. वायर आणि क्लचची केबल ताणली जात नाही ना, हे दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं.

मग रिकाम्या मैदानात पंधरा दिवस. पहिला गिअर, क्लच अर्धा, मागचा ब्रेक हलका, आणि आठचा आकडा. हळू चालवता आली की मग घाट.

पडलीच तर उचलताना गाडीकडे पाठ कर, सीटला बूड टेकव, एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅबरेल, आणि पायांच्या जोरावर मागे चालत उठव. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड खाली पाडून ठेव.

अर्धा_चहा

कागद विसरू नका. स्कूटरवरून लायसन्स काढलं असेल तर ते बिनगिअरचं असू शकतं, आधी बघा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमाही तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी रडारड. शिवाय एप्रिल २०१९च्या आधीची गाडी आहे, नवीन सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का विचारा.

सायली_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सात आठवड्यांनी लिहिते आहे.

कोयनाकाठ दादा, टायरवर २६१७ होतं. बदलले, ट्यूबसकट. कार्ब्युरेटरच्या वाटीत खरंच पिवळा डिंक निघाला, मिस्त्रीने मला बोलावून दाखवला. शॉकअप कडक खाचेवरच होते, मामा ८८ किलोचे आहेत. लायसन्स गिअरचंच निघालं, नशीब.

रानजाई, हँडल दोन बोटं झुकवलं. मग कृष्णेच्या पलीकडच्या मैदानात रोज सहा ते सात आठचे आकडे काढले. तिसऱ्या दिवशी एकदा आडवी झाली, तू सांगितलंस तशी उचलली. फिरायला आलेल्या दोन आजी थांबून बघत होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

परवा रविवारी पहाटे साडेपाचला, पर्यटकांच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, पहिल्यांदा घाट चढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरवरच. घाटातल्या हॅरिसन फॉली या पठाराजवळ थांबले तेव्हा खाली धोम धरणाचं पाणी नुकतं दिसायला लागलं होतं. मामांना फोन लावला. ते काही बोललेच नाहीत, म्हणाले इंजिन चालू कर, ऐकू दे.

पावसाळ्यात, धुक्याच्या दिवसांत स्कूटरच नेणार आहे, ते मी ठरवलं आहे. एक शंका उरली: सकाळी गार असताना चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून सुरू केल्यावर तो किती वेळ ठेवायचा? मामा म्हणतात गल्लीच्या टोकापर्यंत, मिस्त्री म्हणतो अर्धा मिनिट.

कोयनाकाठ

मिस्त्री बरोबर आहे. आयडल स्थिर झाला की चोक आत. जास्त वेळ ठेवलात तर प्लग काळे पडतात. मामांना हे सांगू नका.