दवाखान्याचा फंड नक्की कुठून येतो? अर्ज कुठे टाकू? (अर्जंट)

वाटसरू७: गावातल्या सरकारी दवाखान्यातला जनरेटर बंद पडलाय, विचारलं की फंड नाही म्हणतात, झेडपीत गेलो तर सिव्हिलला जा, सिव्हिलवाले म्हणे वरूनच आला नाही. वर म्हणजे कुठे?? सोमवारी माहिती अधिकार टाकायचाय. फक्त ऑफिस सांगा, भाषण नको.

नाना_सातारकर: दवाखाना म्हणजे पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) की ग्रामीण रुग्णालय? पीएचसी, उपकेंद्र झेडपीकडे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या आरोग्य खात्याचं.

वाटसरू७: सरकारी आहे हो, बोर्डच आहे आरोग्य विभागाचा.

कोकणीकाका: सगळा पैसा दिल्लीचा. एनएचएम, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान.

प्रमिला_रिटायर्ड: सगळा कुठला? एनएचएमला ६० टक्के केंद्र, ४० राज्य, आणि कायम स्टाफचे पगार राज्याच्या बजेटातून. मी अकाउंटलाच होते. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या तिजोरीत, मग राज्याचा हिस्सा घालून पुढे, तो मार्चमध्ये उगवायचा आणि ३१ च्या आत खर्च दाखवा म्हणायचे!

कोकणीकाका: मग राज्य करतं काय? केंद्राच्या २०१७ च्या आरोग्य धोरणात होतं, २०२० पर्यंत राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांवर आरोग्याला द्यावेत. आपण आसपास तरी आहोत का?

बंड्या_दादर: मुंबईत ही भानगडच नाही, केईएम, सायन, नायर महापालिकेच्या पैशावर. जेजे मात्र वैद्यकीय शिक्षण खात्याचं, त्यांचं बजेटच वेगळं.

वाटसरू७: मी मुंबईत नाहीये!!

मदतनीस: महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार मोफत, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा.

वाटसरू७: अहो पेशंट नाहीये, जनरेटर आहे.

नाना_सातारकर: खाटा किती ते सांगा बघू.

वाटसरू७: ३०

नाना_सातारकर: हे आधी सांगायचं ना राव! मग ग्रामीण रुग्णालयच, झेडपीने हात वर केले ते बरोबर. अर्ज सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात टाका. ऑफिस चुकलं तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. निधी का नाही असलं विचारू नका, रुग्ण कल्याण समितीच्या (दवाखान्याचीच समिती असते) खात्याचं वर्षभराचं स्टेटमेंट आणि बैठकीची इतिवृत्तं मागा, किरकोळ दुरुस्ती त्यातूनच होते. नवीन जनरेटरच लागणार असेल तर जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव गेलाय का तेही विचारा. १५० शब्दांत बसवा.

कोकणीकाका: जिल्हा नियोजनचा पैसा रस्त्यांनाच जातो सगळा.

प्रमिला_रिटायर्ड: काका, परत "सगळा"!

वाटसरू७: नाना थँक्स. १० चा कोर्ट फी स्टॅम्प इथे मिळेना, पोस्टल ऑर्डर चालेल का?