पुस्तकांच्या कपाटावरचा फोटो

ब-204 (काका):
सर्वांना नमस्कार. क्लब हाऊसमधल्या पुस्तकांच्या कपाटावर डॉली पार्टन नावाच्या अमेरिकन गायिकेचा फोटो लावलेला आहे. माझा भाचा तिकडे असतो, त्याने एक लेख पाठवला. 2024 चा आहे. तिच्याच धर्मातल्या एका लेखिकेने लिहिलं आहे की ही बाई समलिंगी लोकांना जवळ करते आणि त्याला देवाचं प्रेम म्हणते, हा खोटा धर्म आहे. तिथले धार्मिक लोक तिला असं बोलून राहिले, तर आपण आपल्या मुलांसमोर तिचा फोटो काहून लावायचा? दहा दिवसांवर गणपती आले. त्याच हॉलमध्ये मूर्ती बसणार. फोटो काढावा ही विनंती.

क-101:
तो मोठ्या केसांच्या बाईचा फोटो ना? माझी पोरगी तिला पुस्तकवाली आजी म्हणते.

अ-302:
काकांशी सहमत. निदान गणपतीपुरता काढा. वाद नको.

अ-503:
काढायचा असेल तर का काढला हे मुलांना काकांनीच सांगावं. माझ्या मुलाने विचारलं तर मी काय सांगू?

ड-402 (लायब्ररीच्या मॅडम):
काका, फोटो मी लावला. कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा उत्तर मीच द्यायला पाहिजे. लांबेल थोडं, पण वाचा.

तिच्या गाण्यांसाठी मी तो लावलेला नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या डोंगरात एका खोलीचं लाकडी घर, त्यात बारा भावंडं, त्यातली ही चौथी. तिच्या जन्माला आलेल्या डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. वडील कष्टाळू, व्यवहाराला हुशार, पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि ते त्यांना कायम सलत राहिलं. त्यांच्यासाठी तिने 1995 साली आपल्या सेव्हियर काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यात, एक काम सुरू केलं. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक, टपालाने, मुलाच्या नावावर, फुकट. आईबापाची मिळकत विचारत नाहीत. आज अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया एवढ्या देशांत ते चालतं आणि वाटलेल्या पुस्तकांचा आकडा 20 कोटींच्या वर गेला आहे.

मुलाच्या नावावर पुस्तक येणं ही काय गोष्ट असते ते मी शाळेच्या लायब्ररीत 31 वर्षं पाहिलं. रजिस्टरमध्ये स्वतःचं नाव लिहिलेलं दिसलं की पोरं त्यावर बोट फिरवायची. म्हणून आपलं कपाट सुरू केलं तेव्हा आधी वॉचमनच्या दोन्ही मुलांची नावं लिहिली, मग धुणंभांड्याला येणाऱ्या मावशीच्या मुलीचं, मग फ्लॅटवाल्यांची. फोटो तेव्हापासून आहे.

आता तिच्या श्रद्धेबद्दल. तिचे आजोबा ख्रिस्ती धर्मातल्या पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक होते. ती लहानपणी चर्चमध्येच गायला शिकली आणि आजही देवाचं नाव घेतल्याशिवाय बोलत नाही. म्हणजे हा आस्तिक-नास्तिकाचा वाद नाही काका, एकाच देवाच्या दोन भक्तांमधला आहे. तिचं म्हणणं असं की निवाडा करणं देवाचं काम; स्वतःला चांगले ख्रिस्ती म्हणवता, तर मग दुसऱ्यांना तोलत का बसता? 2023 मध्ये टेनेसीत ट्रान्स, म्हणजे जन्माच्या वेळी ठरवलेलं लिंग आपलं न वाटणाऱ्या, मुलांच्या उपचारांवर बंदी घालणारा कायदा झाला. त्याच वर्षी तिला मुलाखतीत या विषयावर विचारलं, तेव्हा ती राजकारणात पडली नाही. माझ्या स्वतःच्या घरात गे, लेस्बियन, ट्रान्स माणसं आहेत, ती माझी आहेत, एवढं तिने सांगितलं.

आणखी एक सांगते. डॉलीवूड म्हणून तिचा मोठा पार्क आहे, 1986 पासून. 2011 मध्ये तिथल्या वॉटर पार्कच्या दारावर एका बाईला अडवलं. समलिंगी लग्नाला पाठिंबा देणारं वाक्य तिच्या टी-शर्टवर होतं, तो उलटा करून घाला म्हणून सांगितलं. डॉलीने स्वतः माफी मागितली. आपल्या दारावर आपल्या माणसाकडून झालेली चूक तिने आपली मानली. मला डॉली तिथे फार मोठी वाटते.

आणि तुमच्या भाच्याने पाठवलेल्या लेखाचं म्हणाल, तर डॉलीचं नाव त्यात घेतल्याबद्दल त्या लेखिकेनेच नंतर खेद व्यक्त केला.

अ-302:
मॅडम, हे पुस्तकांचं माहीत नव्हतं.

ब-204 (काका):
मॅडम, तुमच्या कामाबद्दल माझं एक अक्षर वाकडं नाही. माझी नातच तुमच्या कपाटाची पहिली गिऱ्हाईक. मी कोणाचा द्वेषही करत नाही जी. पण धर्माला नियम असतात. डॉक्टर साखर खाऊ नका म्हणतो तेव्हा तो आपला दुश्मन असतो का? त्या लेखिकेचं तेच म्हणणं आहे, की चुकलेल्याला चुकला म्हणणं हेच खरं प्रेम. सगळ्यांचं सगळं चालतं म्हटलं की धर्म उरला कुठे? आणि कलाकाराने गावं. लोकांना वळण लावायचं काम त्याचं नाही.

ड-402 (मॅडम):
तुम्ही सरळ लिहिलं म्हणून मीही सरळ लिहिते.

साखरेचा आजार असतो काका. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्या सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला 377 कलमातून या माणसांना सोडवलं. त्यांचं खाजगी प्रेम गुन्हा नाही, हे पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं. मग डॉक्टर कशावर औषध देणार?

आणि कलाकाराने नुसतं गावं, हे निदान विदर्भात बसून म्हणू नका. तुम्ही गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला वर्षानुवर्षं जाता. तुकडोजी महाराजांच्या हातात काय होतं? खंजिरी. भजनांतूनच ते शिवाशिवीवर बोलले, दारूवर बोलले, 1942 मध्ये इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. तेव्हाही बुवांनी भजन करावं, बाकीच्यात पडू नये, असं म्हणणारे असतीलच. या प्रश्नावर महाराज काय म्हणाले असते ते मी सांगणार नाही, त्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा मला अधिकार नाही. पण सगळ्या धर्मांच्या लोकांना एका ओळीत बसवून प्रार्थना म्हणायला लावणाऱ्या माणसाच्या मुलखात आपण राहतो.

आता जे लिहिते ते आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. मधल्या सुटीत डबा घेऊन लायब्ररीत यायचा. तिथे डबा खायला मनाई होती, पण मी त्याला शेवटच्या रॅकमागे बसू द्यायची. मुलं त्याला बायक्या म्हणायची. एक शिक्षक तर वर्गात त्याच्या चालण्याची नक्कल करून दाखवायचे आणि सगळा वर्ग हसायचा. मला हे माहीत होतं. त्याच शिक्षकांसोबत मी स्टाफरूममध्ये रोज चहा प्यायची. रॅकमागे जागा दिली म्हणजे माझं काम झालं, असं मी स्वतःला सांगत राहिले.

चार वर्षांपूर्वी तो बर्डीच्या बाजारात भेटला. भर गर्दीत वाकून नमस्कार केला. नोकरी चांगली आहे, दुसऱ्या शहरात असतो, नागपूरला फार येत नाही म्हणाला. काय काय वाचतो ते सांगितलं. निघताना थांबला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही त्या सरांना एकदाही काही का नाही बोलल्या?"

चिडून नाही विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी रस्त्यावर उभी राहिले, मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही.

या ग्रुपवर आपण जे लिहितो ते आपणच वाचतो असं नाही. संध्याकाळी आईचा फोन मुलांच्या हातात असतो. एवढ्या घरांत असं एखादं लेकरू असेलच. कोणाचं ते मला माहीत नाही आणि कोणी शोधूही नये. पण खोटा धर्म, चुकलेले, फोटो काढा, हे सगळं ते आज वाचत असेल. त्याच्यासाठी मी हे इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. वैयक्तिक मेसेजवर काकांना लिहिता आलं असतं, तसं मी मुद्दाम केलं नाही.

फोटो मी काढणार नाही. कमिटीने ठराव करून काढला तर किल्ली परत देईन, पुस्तकं मात्र माझ्या घरून देत राहीन.

अ-503:
मॅडम, मी तुमच्यासोबत आहे. मीटिंगलाही येते.

क-101:
मी पण. मॅडम, उद्या कपाट उघडणार ना?

ड-402 (मॅडम):
हो, नेहमीप्रमाणे पाच वाजता.

ब-204 (काका):
सगळं वाचलं. दोनदा वाचलं. माझं मत अजून तेच आहे, रविवारी मीटिंगमध्ये बोलीन. त्या शिक्षकाने केलं ते मात्र वाईटच केलं. नातीकडे तुमची दोन पुस्तकं आहेत, तारीख होऊन गेली. उद्या पाचला तिला पाठवतो.

ड-402 (मॅडम):
पाठवा काका. ती पुढचा भाग मागत होती, तो आला आहे. तिच्या नावाने बाजूला ठेवला आहे.