मदत हवी आहे: वह्यांची पानं चिकटलीत, तातडीचं आहे

लाटेवरची: लोकहो, बेटावर आलेय. मैत्रिणीच्या आजोबांकडे दोन जुन्या वह्या आहेत, पानं दमटपणाने चिकटलीत, शाई उडत चाललीय, माझ्याकडे फक्त मोबाईल आणि परवाची बोट. हेअर ड्रायर मारला तर सुटतील का? लवकर सांगा.

मालवणी_तांडेल: कुठलं बेट? वह्या कसल्या, हिशेबाच्या?

लाटेवरची: लक्षद्वीप, आंद्रोत. रहमानी आहेत हो, कुठून कुठे जाताना कुठला तारा धरायचा ते लिहिलेलं. आजोबांचे वडील मालमी होते, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारे.

कागदवाली: ड्रायर अजिबात नको! कागद आक्रसून तडकतो. चिकटलेली पानं तशीच राहू द्या, सुटतात तेवढ्यांचेच फोटो घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी धरेल. आणि लिपी कुठली?

लाटेवरची: अरबी-मल्याळम म्हणतायत, म्हणजे मल्याळम भाषा अरबी अक्षरांत. मला वाचता येत नाही.

कागदवाली: म्हणजे उजवीकडून डावीकडे. पानांचे नंबर त्याच क्रमाने टाका, नाहीतर नंतर घोळ होईल.

पुणेकर७२: स्कॅनिंग अ‍ॅप टाका, दहा मिनिटांचं काम.

कागदवाली: नाही हो, ते आपोआप काळंपांढरं करतं, फिकी शाई गेलीच म्हणून समजा. साधा कॅमेरा, फ्लॅश बंद, खिडकीतला उजेड, शेजारी मोजपट्टी.

भटक्या: तिथलं परमिट कसं काढलंत? कोचीहून जहाजाचं तिकीट किती आधी मिळतं?

मालवणी_तांडेल: परमिटचं नंतर बघू रे. ताई, कागद राहूदेत, आधी म्हाताऱ्यांना बोलतं करा. घरात कमाल आहे का विचारा, लाकडी पाटी आणि गाठींची दोरी, दोरी दातात धरून ध्रुवाची उंची मोजायची. माप हाताच्या बोटांत, एक बोट म्हणजे साधारण १ अंश ३६ मिनिटं. मालवणात ध्रुव १६ अंशांवर, तिथे जेमतेम ११, तेवढ्यावरून बेट गाठायचे हे लोक! आमच्याकडेही जुने लोक मालिम म्हणायचे, शब्द तोच. काथ्याने शिवलेल्या ओडम होड्या अजून उरल्यात का तिथे?

कागदवाली: बोलतं करा ते ठीक, पण कागद राहूदे कसं? माणूस परत सांगू शकतो, पान एकदा फाटलं की गेलं.

मालवणी_तांडेल: उलट आहे बाई. माझे आजोबा गेले, एक शब्द लिहून ठेवला नाही आम्ही. तुमचं पान दहा वर्षं थांबेल.

अभ्यासू: भांडू नका, दोन्ही एकदम होतं. आजोबा वाचू शकत असतील तर त्यांनी मोठ्याने वाचावं, दुसऱ्या फोनवर आवाज घ्या, पान बदललं की नंबर बोला. तिथल्याच कवरत्ती बेटावरच्या एका मालमींची रहमानी अभ्यासक लोतिका वरदराजन यांनी छापून आणलीय, नंतर पडताळता येईल. वह्या मात्र घरातच राहू द्या, फोटोंची एक प्रत त्यांना द्या.

लाटेवरची: दुसरा फोन मैत्रिणीचा घेतला. कमाल नाही घरात, पण आजोबांनी एक पुठ्ठा कापून कसा धरायचा ते दाखवलं, व्हिडिओ केला. पहिली वही सुरू आहे, चिकटलेल्याला हात लावला नाही. आत्ता मंगळूरचं पान आलंय आणि ते वाचन सोडून काथ्या देऊन तांदूळ कसा आणायचे तेच सांगत बसलेत. थांबवत नाहीये. रात्री लिहिते.