बिलं बरोबर, पण उंबरठा?

वर एकांनी विचारलंय की अमेरिकेत दरवर्षी सीपीए (म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या हिशेब तपासनिसांची) फर्म येऊन महापालिकेचं ऑडिट करते, मग केंद्राच्या अनुदानात घोळ व्हायला जागाच कुठे उरते? उरते हो, चांगली ऐसपैस उरते.

१९८४ च्या सिंगल ऑडिट कायद्याने प्रत्येक केंद्रीय खात्याने स्वतंत्र ऑडिटर धाडायचा प्रकार कमी करून सगळ्यांसाठी मिळून एकच ऑडिट आणलं, ते बरंच झालं. पण या एका ऑडिटमध्ये जोखीम बघून मोजक्या योजना निवडतात आणि त्यातलेही नमुन्यादाखल काही व्यवहारच तपासतात.

लॉस एंजेलिसचं उदाहरण घ्या. केंद्राचा पैसा लागलेल्या इमारतींत साधारण ५ टक्के घरं व्हीलचेअरवाल्यांना वापरता यावीत आणि २ टक्के कमी दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्यांना, अशी अट. ती पाळतोय असं शहर दरवर्षी लिहून देत होतं. सरकारचा आरोप असा की प्रत्यक्षात उतार नको इतके तीव्र, ओटे उंच आणि उंबरठे चाक अडवणारे! सिमेंटचं बिल चोख असलं तरी उंबरठा काही व्हाउचरवर दिसत नाही. तिथे टेप घेऊनच जावं लागतं. प्रकरण एका तक्रारीतून कोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये शहराने ३ कोटी ८२ लाख डॉलर भरून तडजोड केली.

फेडरल ऑडिट क्लिअरिंगहाऊस, म्हणजे हे ऑडिट अहवाल जिथे जमा होतात, त्याच्या साइटवर शहरांचे अहवाल फुकट मिळतात. आकड्यांचे तक्ते सोडा, आधी मागच्या वर्षीच्या आक्षेपांचं पुढे काय झालं तो भाग उघडा. तोच आक्षेप पुन्हा दिसला की समजायचं, पाणी कुठे मुरतंय ते.