पश्चिमेची खिडकी, रोलर ब्लाइंड: दिवसा ऊन अडावं, रात्री आतलं दिसू नये. कापड कोणतं घ्यावं?

मावळतीचं_ऊन

पुणे, सातवा मजला, पश्चिमेची खिडकी. चौकटीच्या आतून रुंदी २३८८ मिमी, उंची १३७२ मिमी. तीन ट्रॅकची स्लायडिंग, आतल्या ट्रॅकवर डासांची जाळी, चारी बाजूंना ग्रॅनाइट. समोर साधारण ४० फुटांवर दुसरी इमारत आहे. तीननंतर ऊन थेट टीव्हीवर येतं. सध्या साधे सुती पडदे आहेत; ते ओढले की दुपारीच दिवे लावावे लागतात.

रोलर ब्लाइंडसाठी, म्हणजे पाइपवर गुंडाळल्या जाणाऱ्या पडद्यासाठी, दुकानातून तीन नमुने आणलेत: पांढरं सनस्क्रीन (जाळीदार कापड) ५ टक्के, झेब्रा, आणि राखाडी ब्लॅकआउट. दुकानदाराचं म्हणणं, ५ टक्केवालं घ्या, ऊनही अडेल आणि बाहेरून आतलंही दिसणार नाही. हे कितपत खरं? रोलरऐवजी इचलकरंजीचं जाड सुती कापड आणून शिवून घेतलं तर?

ताणाबाणा

दिवसापुरतं खरं आहे, रात्री नाही. जाळीदार विणीचं कुठलंही कापड असो, ज्या बाजूला उजेड जास्त ती बाजू दुसरीकडून दिसते. दिवसा बाहेर लख्ख असतं, म्हणून तुम्हाला समोरची इमारत दिसेल आणि त्यांना तुम्ही दिसणार नाही. सात वाजता तुमची ट्यूबलाइट लागली की उलटं. ५ टक्क्यांतून ४० फुटांवरून माणूस काय करतोय ते कळतं. ३ टक्क्यांतही सावली हलताना दिसते. एकाच कापडाकडून दिवसाचं बाहेर बघणं आणि रात्रीचा आडोसा, दोन्हीची अपेक्षा धरू नका.

आता ही टक्केवारी कशाची ते बघा. सनस्क्रीनचं सूत म्हणजे पॉलिस्टरचा किंवा काचतंतूचा बारीक धागा, त्यावर पीव्हीसीचा लेप. आधी लेप, मग विणकाम, शेवटी उष्णता देऊन ताणा-बाणा (उभे आणि आडवे धागे) जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे पक्का चिकटवतात. धाग्यांमध्ये जी मोकळी भोकं उरतात, त्यांचं एकूण क्षेत्रफळाशी प्रमाण म्हणजे ओपननेस. भोकांचं प्रमाण तेवढं हा आकडा सांगतो. सूत स्वतः किती उजेड सोडतं, हे त्यात येत नाही.

म्हणून ५ टक्के पांढरं आणि ५ टक्के काळं ही दोन वेगळी कापडं समजा. पांढरं सूत उन्हात स्वतःच उजळतं, उजेड सगळीकडे विखुरतो. त्यामुळे प्रत्यक्षात ५ टक्क्यांहून बराच जास्त उजेड आत येतो आणि मावळतीला अख्खा पडदा ट्यूबलाइटसारखा डोळ्यावर येतो. कोळशाच्या रंगाचं कापड फक्त भोकांतून उजेड देतं: डोळ्यांना शांत, आणि बाहेरचंही जास्त स्वच्छ दिसतं.

पश्चिमेला ५ टक्के मला पटत नाही. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा किरण तिरके येतात आणि सुताच्या जाडीतच अडतात. पाचनंतर सूर्य खाली उतरतो, किरण कापडावर जवळजवळ काटकोनात पडतात आणि भोकांतून थेट सूर्याची थाळी दिसते. पुण्यात जूनमध्ये तो पश्चिमेपासून साधारण २५ अंश उत्तरेकडे मावळतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्या खिडकीची वर्षभर सुटका नाही. १ टक्का घ्या, फार तर ३. ५ आणि १० टक्के उत्तरेच्या खिडकीला ठेवा.

मावळतीचं_ऊन

पण काळं कापड तापणार नाही का? काचेमागे तवाच ठेवल्यासारखं होईल.

ताणाबाणा

तापणारच. आतल्या बाजूच्या ब्लाइंडची हीच मर्यादा: ऊन काचेतून आत आलेलं असतं, कापडाने शोषलं की ते खोलीतच सुटतं. काचेकडे पांढरा चेहरा असेल तर बराच भाग परत काचेतून बाहेर फेकला जातो. म्हणून दोन तोंडांचं कापड मागा, काचेकडे पांढरं किंवा मोत्याच्या रंगाचं, खोलीकडे कोळसा. हे रंगवलेलं नसतं, विणीतून येतं. ताण्याला एक रंग, बाण्याला दुसरा, आणि साध्या एकाआड एक विणीऐवजी सॅटिनसारखी वीण, ज्यात धागा तीन-चार धाग्यांवरून उडी मारून जातो. त्यामुळे एका अंगाला बहुतेक ताणाच दिसतो, दुसऱ्या अंगाला बाणा. नमुना डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून उलटसुलट करा, लगेच कळतं.

दुकानदाराकडे कापडाचा तांत्रिक कागद मागा. त्यात टीएस, आरएस, एएस असे तीन आकडे असतात: उष्णतेचा किती भाग आरपार जातो, किती परत फिरतो, किती शोषला जातो. तिन्हींची बेरीज १०० यायला हवी. तुम्हाला आरएस जास्तीत जास्त हवा. टीव्ही म्हणून आणखी एक आकडा असतो, तो दिसणाऱ्या उजेडाचा (तुमच्या टीव्हीशी त्याचा संबंध एवढाच की तो आकडा कमी असेल तर टीव्हीवरचं चित्र दिसेल). दोन तोंडांच्या कापडाला दोन ओळी असतात. काचेकडे जे तोंड येणार, त्याची ओळ वाचा. कागदच नसेल तर दुसरं दुकान बघा.

रात्रीसाठी वेगळा खर्च नको. सुती पडदे आहेत तसे ठेवा, फक्त मागून अस्तर लावून घ्या. सनस्क्रीन चौकटीच्या आत, पडदे बाहेरच्या दांडीवर. डबल ब्रॅकेटवर दोन रोलर बसतात, पण जागा जवळपास दुप्पट लागते आणि तीन ट्रॅकच्या खिडकीत ती नसते.

अंधारकोठडी

बाकी दोन नमुन्यांबद्दल थोडक्यात. झेब्रात एक पट्टा झिरझिरीत, एक घट्ट. कापड दुहेरी फिरतं. पट्टे जुळवून बंद केलं तरी जिथे एकमेकांवर चढतात तिथून उजेडाच्या आडव्या रेघा येतात. पट्टे उघडले की ऊन थेट आत. मावळतीच्या उन्हापुढे दिसायला छान, कामाला अर्धं.

ब्लॅकआउट झोपायच्या खोलीचा माल. विणलेल्या पॉलिस्टरवर मागून लेपाचे थर, बहुधा पांढरा-काळा-पांढरा. त्यातून अंधार होतो, पण बाजूच्या फटींतून तिरीप येतेच. खरा काळोख हवा तर दोन्ही बाजूंना कापड सरकायला खाचेची पट्टी आणि वर बंद पेटी लागते. हे कापड घडी घालून कधीही आणू देऊ नका. घडीवर लेप तडकतो आणि नंतर तिथे कायमचे कवडसे दिसतात. घ्यायच्या आधी अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च लावून बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर तिथेच कळतात. लेप एकाच अंगाला असेल तर पावसाळ्यात दोन्ही अंगं सारखी प्रसरण पावत नाहीत आणि उभ्या कडा आत वळतात. त्यावर इलाज नाही.

फूटपट्टी

मापाचं बोलू, कारण पैसे इथेच वाया जातात.

२३८८ एकाच पाइपवर घेऊ नका. लांबी दुप्पट झाली की पाइपचा मधला झोक सोळा पट होतो. नेहमीचा ३८ मिमीचा पाइप दोन मीटरच्या पुढे मध्ये वाकतो, मग कापडावर व्हीच्या आकाराच्या सुरकुत्या पडतात आणि लोक कापडाला दोष देतात. जाड पाइप चालेल, पण तो आणखी जागा खाईल. त्यापेक्षा दोन ब्लाइंड करा. दोन कापडांमध्ये ३५-४० मिमी फट राहते. ती दोन काचा जिथे एकमेकींवर येतात त्या उभ्या पट्टीसमोर आणा, म्हणजे तिथली तिरीप बरीचशी झाकते. पट्टी बरोबर मध्यावर नसेल तर ब्लाइंडची मापंही समान ठेवू नका.

रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. मिलिमीटरमध्येच लिहा, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) यांच्यात घोळ होतो. ऑर्डरवर स्पष्ट लिहा की हे चौकटीच्या आतलं माप आहे की तयार कापडाचं. कारखाना आतल्या मापातून साखळीच्या बाजूला साधारण २० आणि दुसऱ्या बाजूला १५ मिमी स्वतः वजा करतो. तुम्ही आधीच वजा केलेत तर दोनदा कापलं जातं.

दोन्ही तुकडे रोलमधून एकाच दिशेने कापलेले हवेत. एक उभा आणि एक आडवा कापला तर उन्हात शेजारी शेजारी दोन रंग दिसतात.

आता गुंडाळीची दिशा. कापड पाइपच्या मागून, काचेच्या बाजूने सुटत असेल तर वरच्या गुंडाळीवर काचेकडचा चेहरा दिसतो. म्हणजे खाली कोळसा आणि वर पांढरी वळकटी! पुढून सोडलं तर खोलीकडचा रंग दिसतो आणि जाळीच्या कडीपासूनही कापड लांब राहतं. दोन तोंडांच्या कापडाला पुढून सोडायला सांगा. नाही सांगितलं तर मागून येतं.

साखळीचा फास लोंबता ठेवू नका. घरात लहान मूल असेल तर साखळी ताणून धरणारा खालचा ताणक भिंतीला स्क्रूने बसवल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नका.

इचलकरंजीकर

सुती कापडाबद्दल. रोलरवर नको. कापूस हवेतली ओल आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. जुलैत सुती कापड सैल पडतं, एप्रिलमध्ये आखडतं, आणि पाइपवर एका बाजूला सरकत जाऊन कड कुरतडते.

रोमन ब्लाइंडला (घड्या पडत वर उचलला जाणारा पडदा) मात्र जाड सुती छान. शिवायच्या आधी अख्खं कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा आणि मगच कापा. आटायचं ते आधीच आटू दे. आडव्या काड्या २५ ते ३० सेंटिमीटरवर, कड्यांच्या उभ्या रांगाही तेवढ्याच अंतरावर. काचेकडे अस्तर हवंच. पश्चिमेच्या उन्हात उघडा सुती धागा आधी रंग सोडतो, मग जीव. अस्तर ब्लॅकआउटचं असेल तर शिलाईच्या प्रत्येक टाक्यातून ठिपका चमकतो, म्हणून काड्यांच्या पट्ट्या शिवण्याऐवजी चिकटवतात. आणि वर ओढल्यावर घड्यांचा वीतभर गठ्ठा काचेवर राहतो, तेवढा उजेड गेला.

मावळतीचं_ऊन

दोन ब्लाइंड, १ टक्का, पांढरं-कोळसा, पुढून सोडलेलं. ठरलं. जाळीच्या कडीपासून ग्रॅनाइटच्या आतल्या कडेपर्यंत ५५ मिमी जागा भरते. बसेल?

फूटपट्टी

३८ चा पाइप, त्यावर अर्धा मिलिमीटर जाडीचं दीड-पावणेदोन मीटर कापड, गुंडाळी साधारण ५० मिमीची होते. कडीला घासू नये म्हणून मागे १० सोडा. म्हणजे गुंडाळी चौकटीबाहेर ५ मिमी डोकावेल, चालेल.

ब्रॅकेट वरच्या ग्रॅनाइटला लावा. भोक कडेपासून पाऊण इंच तरी आत घ्या, नाहीतर टवका उडतो. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून हळू सुरुवात, बिटवर थेंब थेंब पाणी. ग्रॅनाइट पार झाल्यावर मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये हॅमर चालू करायला हरकत नाही, प्लग तिथेच पकड घेतो. दोन्ही ब्रॅकेट पाणसळीवर तपासा. २ मिमीचा फरक असला तरी कापड एका बाजूला चढत जातं. जो ब्रॅकेट वर राहिला असेल, त्याच्या आणि ग्रॅनाइटच्या मध्ये पत्र्याची पट्टी टाकून सरळ करा. तरीही चढलं तर कापड पूर्ण खाली सोडून पाइपच्या एका टोकाला कागदी टेपचा तुकडा लावा आणि गुंडाळून बघा. वाढलं तर तो काढून दुसऱ्या टोकाला लावा.