मॅग्नम घेऊन कुडू पडत नाही

रेंजवाले काका
परवा एकाने इथे नामिबियाच्या शिकारीच्या ट्रिपची यादी टाकली. जूनमध्ये आठ दिवस, एक कुडू, एक गेम्सबॉक (दोन्ही तिकडची मोठी हरणं), रायफल थ्री हंड्रेड विन मॅग या दांडग्या मॅग्नम काडतुसाची आणि तिच्यावर मिळेल ती सगळ्यात मोठी दुर्बीण. शेवटी लिहिलंय, "सरावाचं तिथे गेल्यावर बघू, रायफल दमदार असली की निम्मं काम होतं." खाली सगळ्यांनी वाहवा केली. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी तीस वर्षं रेंजवर पोरांना नेम शिकवतोय. भाचा जोहान्सबर्गला असतो, त्याच्यामुळे दोनदा नामिबियाला जाणं झालं. तिथला कायदा गोळी नळीतून सुटतानाची ताकद मोजतो. स्प्रिंगबॉकला १३५० ज्यूल, कुडू-गेम्सबॉकला २७००, रानरेडा आणि हत्तीला ५४००. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेन वजनाची गोळी ३९०० च्या आसपास भरते. १९०६ सालचं काडतूस आहे ते, आणि कुडूला आजही पुरून उरतं. विन मॅग साडेचार हजारांच्या वर जाते, मान्य. पण खांद्यावरचा धक्काही त्याच मापाने वाढतो, आणि नवख्याचा नेम तिथेच बिघडतो.

रेंजवर मी एक करतो. पोराला न सांगता मधेच एखादं डमी काडतूस भरून देतो. चाप ओढला जातो, बार होत नाही, आणि नळी वीतभर खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. धक्का बसायच्या आधीच अंगाने त्याची भीती घेतलेली असते. ही सवय मोडायला सहा-सहा महिने जातात. विंडहुकला विमानातून उतरल्यावर आठ दिवसांत ती मोडत नाही.

पहिल्या वेळी माझ्या हातून झालं ते सांगतो. गेम्सबॉक, अंतर दीडशे मीटर, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवलेली. चित्रात बघून डोक्यात बसलेलं, खांद्याच्या जरा मागे मारायचं. तिकडच्या हरणांचं काळीज पुढे आणि खाली असतं. पुढच्या पायाच्या सरळ रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात धरायला हवं होतं. गोळी पोटात गेली. माग काढणाऱ्याने गवताची एक काडी मोडून नाकाशी नेली आणि माझ्या हातात दिली. रक्त हिरवट तपकिरी होतं, आंबलेल्या चाऱ्याचा वास येत होता. तो काही बोलला नाही. पुढचे साडेचार तास आम्ही त्या गेम्सबॉकच्या मागे चाललो. जनावर सापडलं तेव्हा ते बसलेलं होतं, मान वर होती आणि आमच्याकडे बघत होतं. माझ्या हातातली रायफल उत्तम होती. नेम चुकला होता माझा.

म्हणून सांगतो, रायफल तिथलीच भाड्याने घ्या. इथून आपली न्यायची तर परवाना, कस्टम्स, विमान कंपनी, प्रत्येक ठिकाणी वेगळे कागद. त्या पैशात जूनपर्यंत दर रविवारी रेंजवर या. बसून, टेबलावर टेकवून नेम धरणं बंद करा. तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर, उभ्याने, दम लागलेला असताना मारा. शंभर मीटरवर बशीएवढ्या जागेत पाचांपैकी पाच बसल्या की मग तिकीट काढा.

होटगी रोडकर
ती यादी माझी. काका, तुमचा मान आहे म्हणून शांतपणे लिहितो. वीस वर्षं पॉवरलूम चालवून पैसे साठवलेत, कुणाकडून उसने घेतलेले नाहीत. माझ्या मित्राने गेल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत लिंपोपोला थर्टी-ओ-सिक्सनेच कुडूच्या खांद्यात गोळी घातली, तरी जनावर दोन तास सापडलं नाही. तो म्हणतो जोर कमी पडला. मग मी जोर वाढवला तर काय बिघडलं? आणि "नवखा" म्हणताना विचारायचं तरी होतं. वडिलांची बाराबोअर मी दहाव्या वर्षापासून साफ करत आलोय.

रेंजवाले काका
साफ करणं वेगळं आणि मारणं वेगळं. मित्राला विचारा, गोळी कुठल्या बनावटीची होती आणि जनावर सरळ आडवं उभं होतं की तिरकं. तिरक्या कुडूच्या खांद्यात मारलं की एकच फुफ्फुस फुटतं आणि तो तासभर चालतो. तिथे विन मॅग असती तरी तेच झालं असतं. दोन-अडीचशे किलोचं जनावर आहे, गोळी कुठे लागली आणि आत टिकली का, एवढंच बघायचं.

माळरान
मी बराच वेळ वाचतोय. दोघेही कशाने मारायचं यावर भांडताय. मारायला जायचंच कशाला, हे कुणीच विचारत नाही.

मी सात वर्षांचा असताना वडील स्कूटरवर पुढे उभं करून सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर घेऊन गेले. श्रावणातली सकाळ होती, गवत गुडघ्याएवढं. माळढोकाचा नर गळ्याची पिशवी फुगवून उभा होता आणि त्याचा घुमारा छातीत जाणवत होता. वडिलांनी माझ्या तोंडावर हात ठेवला होता, मी ओरडेन म्हणून. गेल्या पावसाळ्यात मी स्वतः अकरा फेऱ्या मारल्या. एकही दिसला नाही. ज्या जिल्ह्याने हे डोळ्यांदेखत गमावलं, तिथली माणसं जनावरं टिपायला विमानाने जातात हे वाचून पोटात तुटतं. २०१५ ला झिम्बाब्वेत सेसिल नावाच्या सिंहाला शिकाऱ्याने आधी बाणाने जखमी केलं आणि मग कितीतरी तासांनी संपवलं. काकांचा तो गेम्सबॉकही साडेचार तास तसाच होता ना?

रेंजवाले काका
होता. म्हणूनच लिहिलं, नाहीतर झाकून ठेवता आलं असतं.

पण तुमच्या माळढोकाला एकट्या बंदुकीने संपवलं, असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. गवत गेलं, माळ नांगराखाली गेले, विजेच्या तारा आल्या. नामिबियात १९९६ ला कायदा बदलून गावांना त्यांच्या भागातल्या जनावरांवर हक्क दिले. शिकारीचे पैसे गावाच्या खात्यात जातात, मांस गावात वाटलं जातं. माझ्या गेम्सबॉकचं मांस संध्याकाळी बायका पाट्यांतून घेऊन गेल्या, ते मी बघितलंय. तिथे हरीण जिवंत राहावं असं गावाला वाटतं, कारण त्यातून घर चालतं.

माळरान
पैसे गावात पोचतात तिथे तुमचं म्हणणं खरं असेल. सगळीकडे पोचतात असं मला कुणी दाखवलेलं नाही. एवढं मानतो, याच्या पुढे नाही.

अकोलेकाटीकर
गावाला हरीण जिवंत राहावं वाटतं म्हणे. या की मग आमच्याकडं. माझं साडेचार एकर रान अभयारण्याच्या कडंला हाय. हरभरा वीतभर झाला की कळवीटं येतेत, चाळीस-पन्नासचा कळप. बुडापातुर खाल्लं की त्या झाडाला घाटा धरत नाही. रानाभोवती बायकोच्या जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, फटाके फोडले. चार दिवस बिचकतेत, पाचव्या दिवशी साडीखालून आत. पलीकडनं रानडुकरं येतेत ती मका लोळवून टाकतेत.

तुमच्या त्या माळढोकासाठी १९७९ ला साडेआठ हजार चौरस किलोमीटर अभयारण्य केलं. करमाळा, माढा, मोहोळ त्यात. विहीर खणायची तर परवानगी, रान विकायचं तर परवानगी. आमच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला दादांनी एक एकर काढायचं ठरवलं तर तीन वर्षं कागद फिरला. लग्न सावकाराच्या पैशावर झालं. पुढं ते बाराशेच्या घरात आणलं, पण आमची वस्ती काय सुटली नाही. पक्षी गेला, कळवीटं राहिली, कागद राहिला.

माळरान
दादा, ते आधी तिथे होते. आपण त्यांच्या माळात शेत केलं.

अकोलेकाटीकर
माझा पणजा त्या रानात गाडलाय. आमी आधी का ते आधी, याचा निवाडा तुमी सात रस्त्याच्या फ्लॅटमधनं देऊ नका. मी बंदूक मागितली का? एका शब्दानं मागितली का? मी विचारतोय नुकसान कोण भरणार.

माळरान
भरपाईची योजना आहे. तीन दिवसांत अर्ज करायचा, पंचनामा होतो.

अकोलेकाटीकर
गेल्या माघात अर्ज केला. पंचनाम्याला माणूस आला अकराव्या दिवशी. तवर मी हरभरा मोडून ज्वारीची वैरण टाकली होती, जनावरं उपाशी ठेवू का? म्हणाला नुकसान दिसत नाही. सही घेतली अन् गेला.

होटगी रोडकर
इथे मी शेतकरी दादांच्या बाजूने आहे. लोकांना हे माहीत नसतं म्हणून लिहितो. आपलं कळवीट १९३२ पासून टेक्सासात आहे. तिथल्या रँचवर त्याची बाराही महिने शिकार चालते, मालक त्याचे पैसे घेतो, म्हणून तो त्याला पाणी पाजतो, चारा राखतो. इथे पिकाचं नुकसान म्हणून रानडुकराला मारायची परवानगी मिळू शकते, कळविटाला नाही. ते १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. माणसाच्या जिवावर उठलं किंवा बरं न होण्याइतकं जायबंदी किंवा आजारी झालं तरच परवानगी. पीक त्यात बसत नाही. त्याच्यापायी ज्याचं घर बुडतं त्याच्या हातात काहीच नाही, आणि आपण त्याला संवर्धन म्हणतो.

माळरान
म्हणजे नान्नजला पैसे भरून कळवीट मारायचं? असं कुणी आणू पाहिलं तर मी रस्त्यावर आडवा पडेन. आणि तुम्हाला शेतकऱ्याचा कळवळा आजच आला. परवाच्या यादीत दुर्बिणीची काच किती मिलिमीटरची यावर बारा ओळी होत्या.

होटगी रोडकर
वैयक्तिक जाऊ नका. माझी आजी मार्डीची. तिच्या शेतावरच्या माळ्यावर मी रात्री काढल्यात, गोफणीने खडे मारत.

तितर
शिकार कुणाची आणि गुन्हा कुणाचा, यावर मी बोलतो. आम्ही फासेपारधी. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे आम्हाला डांबायच्या वस्तीला, तारेचं कुंपण होतं, माझा आजा त्याच्या आत रोज हजेरी द्यायचा. ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटलो म्हणतात. आजा घोड्याच्या केसांचे फासे वळायचा, इतके बारीक की उन्हात दिसायचे नाहीत. तितराच्या पायाला धक्का लागायचा नाही. मादी अडकली तर सोडून द्यायचा, अंड्यांचा महिना असला तर फासा मांडायचाच नाही. ते आमच्यात पाप.

मी फासा कधी हातात धरला नाही, सेंट्रिंगचं काम करतो. तरी गावाबाहेर कुठं कळवीट मेलेलं सापडलं की पहिली गाडी आमच्या पालावर येते. दोन वर्षांपूर्वी माझ्या मेहुण्याला रात्रभर बसवून ठेवलं. सकाळी कळलं, कुत्र्यांनी मारलं होतं. होटगी रोडकर साहेब कुडूच्या शिंगाला हात लावून फोटो काढतील, तो दिवाणखान्यात लागेल. तुम्ही कायदा मोडत नाही, ठाऊक आहे मला. पण तुम्ही "शिकार" म्हटलं की लोक कौतुकाने वाचतात. आम्ही तोच शब्द काढला की बायका पोरांना आत ओढतात.

रेंजवाले काका
फाशाला आत कसला पीळ देता? एवढं नाजूक काम मी फक्त ऐकून आहे. आणि अंड्यांच्या महिन्याचं लिहिलंत, ते माझ्या पोरांना सांगणार आहे.

तितर
पीळ डाव्या हाताचा. पुढचं येऊन बघा, लिहून कळत नाही.

होटगी रोडकर
तितर भाऊ, फोटोचं मनाला लागलं. फोटो काढणार नाही असं आत्ता कबूल करत नाही. पण भिंतीवर लावणार नाही. शिंगं तशीही इकडे आणता येत नाहीत, वन्यप्राण्यांच्या अवयवांच्या आयातीला आपल्याकडे मनाईच आहे.

काका, काल रात्री मित्राला फोन केला. कुडू तिरका उभा होता, आणि गोळी हलक्या बनावटीची, खांद्याच्या हाडावरच फुटली. तुमचं बरोबर निघालं. विन मॅगचा नाद सोडलेला नाही, पण या वेळी तिथली थर्टी-ओ-सिक्स भाड्याने घेतो. रेंजवर कधी येऊ?

रेंजवाले काका
रविवारी सातला, ऊन चढायच्या आत. तिकाटणं मी आणतो. गोळी घट्ट बांधणीची, १८० ग्रेनची सांगा त्यांना, आताच मेल करा. कपडे मातकट रंगाचे घ्या, लष्करी ठिपक्यांचे नकोत. झिम्बाब्वेत तर नागरिकाने ते घालणं गुन्हाच आहे. आणि अदिस अबाबामार्गे तिकीट असेल तर पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परतताना विमानतळावर अडकू शकता.

माळरान
मी कुणाला शुभेच्छा देणार नाही. अकोलेकाटीकर दादा, पंचनाम्याचा कागद मला पाठवा. अर्जाची पोच आणि तारीख असेल तर मी स्वतः तुमच्यासोबत येतो. माळ वाचवायचं बोलतो तर हेही करायला पाहिजे.

अकोलेकाटीकर
पोच हाय, पत्र्याच्या पेटीत. उद्या दुपारनंतर फोटो टाकतो. आता जमत नाही, ज्वारी पोटऱ्यात आलीय, रात्री माळ्यावर जायचंय.